पेट्रोलचा काटा

माझ्या नवऱ्याची अट साधी होती. "ज्या गाडीले आपल्या पोटात काय आहे ते माहीत नाई, त्या गाडीवर मी बसत नाई." एवढं बोलून तो रस्त्याच्या कडेला एका दगडावर टेकला. मूल-चंद्रपूर रस्ता, दोन्हीकडे साग, भर दुपार, आणि माझ्या मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोलचा थेंब नाही.

गाडी माझी आहे. चालवते मीच. नवरा मागे बसतो, कारण त्याला गिअरची गाडी येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. या व्यवस्थेचं मूलमध्ये पहिली दोन वर्षं लोकांना फार कौतुक होतं, मग लोकांना दुसरे विषय मिळाले.

जुन्या गाडीला पेट्रोलचा काटा नसतो. टाकीखाली एक कॉक असतो. गाडी आचके देऊ लागली की तो रिझर्व्हवर फिरवायचा आणि जवळचा पंप गाठायचा. एरवी टाकीचं झाकण उघडायचं, गाडी दोन्ही हातांनी हलवायची आणि आतून डबडब किती येते त्यावरून ठरवायचं. आमच्याकडे ही विद्या सगळ्यांना येते. पण त्या दिवशी कॉकच्या आतली नळीच मोडलेली निघाली, त्यामुळे रोजचं आणि रिझर्व्हचं पेट्रोल एकाच वेळी संपलं.

थोड्या वेळानं एक वनरक्षक आपल्या गाडीवर आला. आम्हाला पाहून त्यानं ब्रेक मारला.

"इथी काऊन थांबले? काल इथीच दिसला."

कोण दिसला हे त्यानं सांगितलं नाही. आमच्या जिल्ह्यात ते सांगावं लागत नाही. नवरा दगडावरून उठला. वनरक्षकानं आपल्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढून दिलं, तेही नवऱ्याच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून टाकून त्याच बाटलीत. नवरा घरापर्यंत मागे बसून आला, पण ते बसणं नव्हतं, नाइलाज होता. दारात उतरल्यावर त्यानं अट पुन्हा एकदा सांगितली, म्हणजे ती रागाच्या भरात नव्हती तर विचारपूर्वक होती हे मला कळावं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण दिवाळी जवळ आली होती आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिरोंचाला जाणार होतो. मी शाळेत भूगोल शिकवते. प्राणहिता गोदावरीला मिळते तो संगम मी दरवर्षी फळ्यावर काढते, दोन निळ्या रेघा आणि एक बाण. इतकी वर्षं काढते आहे, आणि आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातला तो संगम कधी पाहिलेला नव्हता. दरवर्षी ठरायचं, दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघायचं. या वर्षी कुणाचंही लग्न नव्हतं. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, मग सिरोंचा. रस्ता नकाशावर मला तोंडपाठ होता. आम्ही दोघं, एक गाडी, आणि पुढं जंगल.

गाडीवर गेलो नाही तर दुसरा मार्ग तयारच होता, आणि तो म्हणजे माझे मोठे दीर. त्यांची पांढरी चारचाकी आहे. तिच्या पुढच्या पाटीवर 'अध्यक्ष' हा शब्द टरबुजाएवढा आणि संस्थेचं नाव मिरीएवढं आहे. संस्था कशाची हे मला आजही नीट माहीत नाही, आणि त्यांनाही विचारलं तर ते कार्यकारिणीचं नाव सांगतात. दिवाळीनंतर 'आपण सर्वांनी एकत्रित प्रस्थान करावं' असा त्यांचा निरोप आला होता. प्रस्थान! त्या प्रस्थानात मी मागच्या सीटवर, मांडीवर चिवड्याचा डबा, शेजारी जाऊबाई गाडी लागते म्हणून लिंबू हुंगत, आणि दर गावाला कुणीतरी दिरांना शाल देणार किंवा दीर कुणाला तरी देणार. संगमापर्यंत पोचेस्तोवर मला नदीत उडी टाकावीशी वाटली असती.

तेव्हा दिवाळीच्या आत गाडीला पेट्रोलचा काटा, नाही तर पांढरी गाडी. इतकं ते सरळ होतं.

---

रविवारी मी चंद्रपूरच्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेले. दुकानदार पोरगेला होता, केस एका बाजूनं कापलेले. त्यानं पहिल्या झटक्यात काचेच्या कपाटातून एक डिजिटल मीटर काढला आणि बॅटरी लावून पेटवला. आधी निळा, मग जांभळा, मग हिरवा.

"मॅडम, यात सगळं येते. स्पीड, गिअर, टाइम, टेम्परेचर. सात कलर."

"पेट्रोल?"

"पेट्रोलबी येते."

"टाकीत किती आहे ते याले कसं समजते?"

"सेन्सरवरून. तो तुमच्या टाकीत असन ना."

"नाई आहे."

त्यानं क्षणभर विचार केला. "मंग पेट्रोल नाई येत. पण सात कलर येते."

वेगाचे आकडे दोनशेच्या पुढे होते. माझी गाडी उतारावर, पाठीशी वारा असताना, सत्तरला पोचली की आरसे इतके थरथरतात की मागची सृष्टी दुहेरी दिसते. उरलेले आकडे मी कुणासाठी मिरवायचे? शिवाय ज्या गोष्टीत सगळं असतं तिच्यात नेमकं हवं ते नसतं, हा अनुभव मला शाळेच्या क्रमिक पुस्तकांपासून आहे.

मग कपाटाच्या खालच्या कप्प्यात मला ते दिसलं. मुठीएवढी गोल तबकडी, काळी, पांढरे आकडे, भोवती चकचकीत कडं. एका टोकाला रिकामी, दुसऱ्या टोकाला भरली, आणि मध्ये बारीक नारिंगी काटा. शेजारी तसाच दुसरा, बॅटरीचा व्होल्ट दाखवणारा. मी दोन्ही हातांत घेतले आणि मला खरं सांगायचं तर दागिन्यांच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. काटा नुसता हलवला तरी थुईथुई नाचत होता.

"हे जुनं मॉडेल आहे, मॅडम," पोरगा नाक मुरडत म्हणाला.

"गाडीबी जुनीच आहे."

टाकीत बसवायचा फ्लोटही घेतला, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, त्याला एक दांडी आणि दांडीच्या बुडाशी दोन तारा. पेट्रोल खाली गेलं की डबा खाली, दांडी खाली, आणि वर तबकडीतला काटाही खाली. तो कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा होता. "चालन ना हा?" विचारलं तर पोरगा म्हणाला, "युनिव्हर्सल आहे." सगळ्यांना बसतं असं ज्याच्याविषयी सांगतात ते कुणालाच नीट बसत नाही, हे मला माहीत होतं. पण हात सुटत नव्हता.

---

मूलमध्ये माझी गाडी ज्यांच्याकडे जाते त्या मिस्त्रींना मी भाई म्हणते. त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. भाईंनी मोटारसायकली सुरू केल्या आणि पाटीवर लिहून घेतलं, 'सर्व प्रकारच्या गाड्यांचे स्पेशालिस्ट डॉक्टर'. भाई बोलतात फार आणि निम्मं ठोकून देतात. पण नवीन काही करायचं म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची उरलेली निम्मी बडबड पोटात घालते.

काटे पाहून ते स्टुलावरून उठलेच. "अरे वा! मॅडम, आता गाडी नाई राह्यली, विमान होऊन राह्यलं."

"भाई, टाकीले भोक पाडावं लागन."

"पाडू ना! टेन्शन काऊन घेता? मी आहो ना." मग टाकीभोवती एक फेरी मारून, जरा हळू आवाजात, "तुमी घरी जा. तुमाले पाहवणार नाई."

मी गेले नाही. टाकी काढली, साबणाच्या पाण्यानं धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. पेट्रोलची वाफ उरली आणि वर ज्योत आली तर टाकीचा आणि डॉक्टरांचा दोघांचा निकाल लागतो, म्हणून मग ती पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरली आणि उलटी करून तिच्या बुडाशी ड्रिल लावलं. पत्र्याचा पहिला कीस उडाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नवी वस्तू घेतली तर परत करता येते. टाकीला पाडलेलं भोक परत करता येत नाही. भाईंनी भोकावर एक जाड चकती पितळेनं झाळून बसवली, तिच्यावर रबराचं पॅकिंग, त्यात फ्लोट, आणि भोवती सहा स्क्रू.

"घरी तांदळाचं पीठ आहे का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्यांना भूक लागली. पण टाकी भरून त्यांनी ते पीठ झाळलेल्या जागेवर खालून सगळीकडे चोळलं. कुठं गळत असेल तर पीठ ओलं होऊन सांगणार. आम्ही दोघं वाकून पिठाकडे पाहत राहिलो. पीठ कोरडंच राहिलं. भाईंनी टाळी दिली, मग मी बाई आहे हे आठवून ती स्वतःच्याच दुसऱ्या हाताला दिली.

मग फ्लोट पुन्हा काढून हातात धरला आणि बॅटरी जोडली. डबा वर, म्हणजे टाकी भरलेली. काटा सरळ रिकामीवर जाऊन बसला. डबा खाली केला. काटा ऐटीत भरलीवर.

"उलटं आहे," मी म्हटलं.

"उलटं आहे," भाई म्हणाले, "पण खोटं नाई आहे. रिकामी दाखवली का समजायचं भरली. पंधरा दिवसात सवय होऊन जाते."

"भाई, मागं बसणाऱ्याले काय सांगू?"

"त्यायले सांगूच नका."

फ्लोट वर गेला की तारेतला अडथळा वाढावा असं त्या काट्याला हवं होतं, आणि आमचा फ्लोट तो कमी करत होता. दोघंही युनिव्हर्सल, फक्त वेगवेगळ्या विश्वांतले. पुढच्या रविवारी मी पुन्हा चंद्रपूरला, या वेळी बसनं, आणि फ्लोटच हातात घेऊन गेले. एकेक काटा लावून पाहिला. तिसरा बरोबर चढला, डब्याच्या मागोमाग, आज्ञाधारक. कडं जरा कमी चकचकीत होतं. पोरगा म्हणाला, "हा खरा युनिव्हर्सल."

काटे कुठं लावायचे हा पुढचा प्रश्न. हँडलच्या मधोमध पत्रा हवा, न गंजणारा, न थरथरणारा. भाईंनी लोखंडाचे दोन-तीन तुकडे वाकवून पाहिले आणि टाकले. शेवटी मी घरी गेले आणि लग्नात आलेल्या स्टीलच्या ताटांपैकी एक घेऊन आले. आमच्याकडे लग्नात इतकी ताटं येतात की जेवायला माणसं कमी पडतात. हे दिरांनी दिलेलं होतं, जाड, वजनदार, आणि काठाखाली त्यांचं नाव, पद आणि 'सप्रेम भेट' कोरलेलं. शेजारच्या लेथवाल्यानं ते कापलं तेव्हा नाव पेट्रोलच्या काट्याच्या भोकात गेलं, पद व्होल्टच्या. 'सप्रेम भेट' तेवढं शाबूत राहिलं, दोन काट्यांच्या बरोबर खाली. भोकं मात्र त्यानं तीन पाडली. आम्ही दोन सांगितली होती.

"तिसरं कायचं?" मी विचारलं.

"तीन चांगले दिसते," लेथवाला म्हणाला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, भोक पडलेलं होतं. आजही त्या तिसऱ्या भोकातून रस्ता दिसतो.

---

आता काटा वर-खाली जात होता, पण तो कुठं असला म्हणजे नेमकं किती, हे त्याला माहीत नव्हतं. गाडीची टाकी पोटाशी खोलगट आणि मधून उंचावलेली असते, त्यामुळे अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे. रिकाम्या टाकीत मोजून पेट्रोल घालायचं आणि प्रत्येक मापाला काचेवर रेघ मारायची, हाच उपाय. रेघेसाठी माझं लाल नेलपॉलिश होतं. माप कुठून आणायचं?

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. वायरी लोंबत असलेली गाडी ढकलत पंपावर नेणं भाईंच्या डॉक्टरकीला शोभणारं नव्हतं. पण त्यांच्या दुकानाच्या पलीकडे एक म्हातारी बाई बसते. तिच्या टेबलावर बिस्किटं, तंबाखू-सुपारीचा खर्रा, साबण, आणि पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांमध्ये पेट्रोल. गावोगाव असतात तशीच. तिला ते कुठून मिळतं हे तिला कुणी विचारत नाही.

"बाई, एक लिटर द्या," भाईंनी हाक मारली. एक बाटली ओतली. काटा जरासा हलला, थांबला. मी काचेवर पहिली रेघ मारली. दुसरी बाटली, दुसरी रेघ. काटा दर वेळी आधी दचकायचा, मग हळूहळू चढून आपली जागा पकडायचा, आणि मी श्वास रोखून नेलपॉलिशचा ब्रश टेकवायचे. तिसरी, चौथी. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबले. एकानं विचारलं, "कायचं चाललं?" दुसऱ्यानं त्याला सांगितलं, "मॅडम मीटरले नेलपॉलिश लावून राह्यली." आठव्या बाटलीला काटा भरलीच्या जवळ पोचला तेव्हा मला हसू आवरेना. इतकी वर्षं मी या गाडीला हलवून हलवून विचारत होते, आणि आज ती स्वतः सांगत होती.

रात्री नवऱ्याला बाहेर अंगणात नेऊन काटा दाखवला. तो पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर काचेच्या नळ्यांमध्ये गावोगावचं पाणी ओततो आणि रेघेपाशी डोळा लावतो. ज्याला रेघ नाही ते माप तो मानत नाही. रेघा पाहून तो खूष झाला, पण कबूल करेना.

"हे लिटर आहे?"

"लिटर."

"पाहू," तो म्हणाला. "टाकी रिकामी कर, अन् पंपावर पाच लिटर भर. पाचव्या रेघेवर काटा आला तर बसतो."

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली. गाडीला जोडलेल्या बाटलीतून पंपापर्यंत जाण्यापुरतं पेट्रोल दिलं. नवरा सायकलवर मागून आला. भाईही आले, त्यांना बोलावलं नव्हतं. पाच लिटर भरले. किल्ली फिरवली. काटा चढत गेला, तिसरी, चौथी, पाचवी, आणि थांबला नाही. सहाव्या रेघेला जवळजवळ टेकून मग स्थिर झाला.

भाईंचा चेहरा फुलला. "पाहा! पाच मांगितले, सहा दिले!"

नवरा काट्याकडे पाहत राहिला. "पंपानं मांगितल्यापेक्षा जास्त पेट्रोल दिलं," तो सावकाश म्हणाला. "असं कधी ऐकलं का तुमी?"

भाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाई."

"मंग तुमचा काटा चुकला."

मला रडू येईल की काय असं वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर चिवड्याचा डबा आला.

नवरा मात्र सायकलवर बसून निघून गेला आणि परत आला तो प्रयोगशाळेतली मोजपात्राची उभी काचेची नळी पिशवीत घालून. तो सरळ त्या बाईंच्या टेबलापाशी गेला, एक बाटली उचलली आणि नळीत ओतायला लागला.

"काऊन हो, आजच मोजता?" बाई म्हणाल्या. "येवढ्या वर्सांत कोनी मोजलं नाई."

लिटरच्या बाटलीत लिटर नव्हतं. बरंच कमी होतं.

"बाई, हे लिटर नाई आहे."

"मी कुठी म्हनलं लिटर? तुमी लिटर म्हनता. मी बाटली म्हनते."

"पण बाटली भरत काऊन नाई?"

बाईंनी एखाद्या अडाण्याला समजावावं तसं बाटलीच्या मानेखालच्या उताराला बोट लावलं. "खांद्यापर्यंत भरायची. वरती गेलं तर उनात पेट्रोल फुगते, झाकण उडते. सगळेच खांद्यापर्यंत भरते."

"सगळेच?"

"जाऊन पाहा."

मला वाटलं झालं, आता हा सगळा खेळच बंद करणार. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलेला भाव होता. तो नळी हातात घेऊन माझ्याकडे आला. "गाडी काढ."

"तुमी बसणार?"

"कामासाठी बसतो. ते बसणं नाई."

आम्ही सावली गावाच्या रस्त्यानं निघालो. पहिल्या गावात एका किराणा दुकानातली बाटली घेतली, मोजली. मूलच्या बाईंइतकीच. पुढच्या गावात पानठेल्यावरची. तितकीच. एका ठिकाणी बाटली जरा जास्त भरलेली वाटली, तर मोजल्यावर चमचाभराचाच फरक निघाला. बाटल्या एकाच साच्यातल्या, खांदा सगळ्यांचा एकाच जागी. दुकानदार चकित होऊन पाहत होते, आणि प्रत्येक ठिकाणी मोजून झालेलं पेट्रोल आम्ही टाकीत ओतत होतो, काटा रेघारेघानं वर चढत होता. एका ठिकाणी एक म्हातारा उठून आला. "साहेब, तपासनी आली का?"

"नाई हो भाऊ, सिरोंचाले जाऊन राह्यलो," नवरा म्हणाला.

मी तिथंच उभी राहून ते वाक्य दोनदा मनात म्हटलं.

परतीच्या वाटेवर तो माझ्या कानाशी ओरडत होता, कारण वाऱ्यात ऐकू येत नाही. हे तर प्रमाण माप आहे. कुणी ठरवलं नाही, कुणी शिक्का मारला नाही, आणि तरी ठेल्याठेल्यावर तेच. प्रयोगशाळेत आम्हाला दोन नळ्या इतक्या सारख्या मिळत नाहीत! मी म्हटलं, मग रेघा पुसून लिटरच्या मारू का? त्यानं बोटांवर काही हिशेब केला. मग म्हणाला, "कायले? आलापल्लीच्या पुढं पंपाच्या भरवशावर जाऊ नका म्हणते सगळे. तिथी आपल्याले बाटलीच भेटणार. बाटल्यातच ठेव. फक्त एका बाटलीत किती किलोमीटर जाते ते काढू."

ते आम्ही पुढच्या दोन दिवसांत काढलं. एकदा राजोलीकडे, एकदा चामोर्शीकडे. तो मागे बसून किलोमीटरचे दगड पाहायचा आणि मी काट्यावर लक्ष ठेवायचे. हे काम होतं की बसणं होतं, हा प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

---

निघण्याच्या आदल्या दिवशी दीर आले. कुर्ता कडक इस्त्रीचा, मागे पांढरी गाडी. आम्ही येत नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्या गाडीभोवती फिरून हँडलकडे पाहिलं.

"हे काय बसवलं?"

"पेट्रोलचा काटा," नवरा म्हणाला. "अन् तो बॅटरीचा."

"स्पीड?"

"तो जुनाच आहे."

"मग यात नवीन काय? पेट्रोल किती आहे ते तर पंपावर दिसतेच." ते अजून वाकले. 'सप्रेम भेट' हे दोन शब्द त्यांना ओळखीचे वाटले असावेत, कारण त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि मग काटे लावलेल्या दोन भोकांकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, आता सभा भरणार.

"ताट मजबूत निघालं," दीर म्हणाले. माझ्याकडे पाहून ते हसले, आणि ते हसू अध्यक्षांचं नव्हतं. "आईले सांगू नका."

---

आम्ही पहाटे निघालो. चामोर्शीपर्यंत धानाच्या कापणीचा वास होता, आष्टीला चहा घेतला, आणि आलापल्लीच्या पुढं साग इतका उंच झाला की दुपारीही रस्त्यावर सावली. रस्ता मोकळा, हवा गार, आणि गाडी आपल्या जुन्या एकसुरी आवाजात गात चाललेली. मी हॉर्न वाजवला की व्होल्टचा काटा किंचित लवायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मला त्यातही मजा येत होती, समोर कुणी नसताना मी चार वेळा हॉर्न वाजवला असेल. मला कधी एकदा पाणी दिसतं असं झालं होतं. फळ्यावरच्या त्या दोन रेघा एवढ्या झाडीतून कुठंतरी खरोखर वाहत होत्या!

एका वळणावर झोपडीसमोर टेबल होतं, टेबलावर बाटल्या ओळीनं, खांद्यापर्यंत. बाकावर बसलेल्या बाईनं तेलुगूत काहीतरी हाक दिली आणि हातानं थांबायची खूण केली. पुढं बराच वेळ दुकान दिसणार नाही, असंच ती म्हणत असावी. मी वेग कमी केला.

"थांबवू का?" मी मागे वळून विचारलं.

त्यानं माझ्या खांद्यावरून मान पुढं काढली, तबकडीकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला.

"कायले? तीन बाटल्या आहे अजून. चाल." आणि गाडीनं पुन्हा वेग घेतला तेव्हा माझ्या पाठीला बोटानं टोचून, "अन् जरा डावीकडं सरकून बस ना, मले काटा दिसत नाई."